दहा कोअर इथे, दहा कोअर तिथे

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फौंड्रीत मी डिझाइनचे काम पाहतो, तिथल्या टेबलावर एक साधा डेस्कटॉप आहे आणि त्यात कोअर आय५-१३४०० हा प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी चिप, आहे. वडगावला घरी माझा स्वतःचा लॅपटॉप आहे आणि त्यात कोअर आय५-१३३५यू आहे. दोन्ही इंटेलच्या १३व्या पिढीतले, दोन्हींच्या माहितीपत्रकात १० कोअर (चिपच्या आत स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग) लिहिलेले, आणि दोन्हींचा सर्वाधिक वेगही नेमका ४.६ गिगाहर्ट्झ. तरीही ओतकामाचे एकच सिम्युलेशन, म्हणजे वितळलेला धातू साच्यात कसा गोठेल याची संगणकावरची आकडेमोड, डेस्कटॉपवर साधारण पन्नास मिनिटांत उरकते आणि लॅपटॉपवर त्याला जवळजवळ दोन तास लागतात. ही तफावत मी गेले वर्षभर पाहत आलो आहे, पण तिच्याविषयी नीट लिहावे असे वाटले ते धाकट्या बहिणीच्या मुलामुळे. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून तो यंदा अभियांत्रिकीसाठी बेळगावला येत आहे. त्याने मला विचारले, “मामा, दोन्ही आय५च ना? मग फरक पडतो कशाने?”

या प्रश्नाने मी थोडा ओशाळलो, कारण २०१७ साली मीही याच समजुतीवर पैसे घालवले होते. तेव्हा शहरातल्या एका दुकानात मला कोअर आय७-७५००यू असलेला लॅपटॉप दाखवण्यात आला आणि विक्रेत्याने “साहेब, आय७ म्हणजे आय७च” एवढ्या एका वाक्यात सौदा पुरा केला. घरी आणून काम सुरू केल्यावर लक्षात आले की कचेरीतला कोअर आय५-७४०० असलेला डेस्कटॉप लांबच्या कामात या आय७ला सहज मागे टाकतो. माहितीपत्रक मी त्यानंतर वाचले, म्हणजे चूक माझीच. त्या लॅपटॉपच्या आय७मध्ये २ कोअर आणि ४ थ्रेड (एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे) होते, तर डेस्कटॉपच्या आय५मध्ये ४ कोअर. लॅपटॉपच्या प्रोसेसरला वीज ओढायला १५ वॅटची मर्यादा होती, डेस्कटॉपच्या प्रोसेसरला ६५ वॅटची. आय३, आय५, आय७ ही नावे आपापल्या घराण्यातली थोरली-धाकटी पाती सांगतात. एका घराण्यातला थोरला दुसऱ्या घराण्यातल्या मधल्यापेक्षा ताकदवान असलाच पाहिजे, असे त्या नावात कुठेही म्हटलेले नाही.

आता त्या दहा कोअरकडे वळू. आमच्या धंद्यात कोअर म्हणजे साच्याच्या पोटात बसवायचा वाळूचा गाभा, आणि दोन कोअर दिसायला सारखे असले तरी आतली वाळू, बाइंडर आणि भाजणी वेगळी असू शकते, हे फौंड्रीतल्या नव्या पोरालाही ठाऊक असते. प्रोसेसरच्या कोअरचेही तसेच आहे. इंटेलच्या १२व्या पिढीपासून दोन प्रकारचे कोअर एकाच चिपवर बसू लागले. थोरले कोअर वेगासाठी असतात, धाकटे कोअर कमी विजेत आणि कमी जागेत काम उरकण्यासाठी. डेस्कटॉपच्या १३४००मध्ये ६ थोरले आणि ४ धाकटे आहेत, लॅपटॉपच्या १३३५यूमध्ये २ थोरले आणि ८ धाकटे. बेरीज दोन्हीकडे दहाच भरते. थोरला कोअर एका वेळी दोन थ्रेड चालवतो, धाकटा एकच, म्हणून डेस्कटॉपचे १६ थ्रेड होतात आणि लॅपटॉपचे १२. शिवाय डेस्कटॉपकडे २० मेगाबाइट सामाईक कॅश, म्हणजे चिपवरचीच झटपट स्मृती, आहे, लॅपटॉपकडे १२. खोक्यावर ठळक छापलेला ‘१० कोअर’ हा आकडा खोटा नाही, पण त्यावरून एकाशी दुसऱ्याची तुलना करणे म्हणजे गोणीत काय भरले आहे हे न पाहता गोण्या मोजण्यासारखे आहे.

कोअरची ही फोड निम्मीच गोष्ट सांगते. उरलेली गोष्ट वॅटची आहे आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. १३४००ची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे आणि तो थोड्या वेळासाठी १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. १३३५यूची मूळ मर्यादा १५ वॅट आहे आणि त्याची थोड्या वेळाची उडी ५५ वॅटपर्यंतच आहे. ४.६ गिगाहर्ट्झ हा वेग दोघेही गाठतात, पण तो एका-दोन थोरल्या कोअरचा क्षणभराचा वेग असतो. सगळे कोअर एकदम राबू लागले आणि मूळ मर्यादेवर यावे लागले की थोरल्या कोअरचा खात्रीचा वेग डेस्कटॉपवर २.५ गिगाहर्ट्झ आहे आणि लॅपटॉपवर १.३. हे आकडेही कंपनीच्याच माहितीपत्रकात असतात, फक्त जाहिरातीत नसतात.

वेगासाठी इतकी वीज का लागते, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म स्विच, त्याच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके) उघडझाप करतात आणि त्या उघडझापीत खर्च होणारी वीज ही ठोक्यांच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे दोन्ही वाढी एकमेकींत गुणल्या जातात. उलट बाजूने पाहिले तर वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले की खर्च ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे मूळच्या जवळपास निम्म्यावर येतो. निम्म्या विजेत ८० टक्के काम, असा हा हिशेब आहे. लॅपटॉप करणाऱ्यांचा सारा संसार या एका गुणाकारावर चालतो, आणि डेस्कटॉप करणारे त्याच गुणाकाराच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज जाळत बसलेले असतात.

प्रोसेसरने खाल्लेली ही वीज शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर काढावी लागते. इथे मात्र फौंड्रीवाल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. ओतीव भागाचा जाड भाग उशिरा गोठतो आणि आकसताना आत पोकळी धरतो, म्हणून तिथे वाळूच्या साच्यात आम्ही लोखंडाचा एक तुकडा बसवतो. त्याला चिल म्हणतात. चिल आजूबाजूच्या वाळूपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता ओढून घेतो आणि तो जाड भाग वेळेत गोठतो. भाग गोठायला लागणारा वेळ त्याचे घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीत असतो, हा ख्वोरिनोव्ह यांनी १९४० साली मांडलेला नियम आमच्याकडे रायझरचे, म्हणजे आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणाऱ्या साठ्याचे, माप काढताना रोज वापरला जातो. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर बसणारा हीटसिंक हा माझ्या दृष्टीने एक भलामोठा चिलच आहे. खाली धातूचा ठोकळा, वर पातळ पत्र्यांचा जुडगा म्हणजे भरपूर पृष्ठफळ, आणि त्यावर रुंद पंखा. लॅपटॉपमध्ये हीच व्यवस्था बोटाच्या पेरापेक्षा कमी उंचीत बसवायची असते. तिथे तांब्याच्या चपट्या नळ्या उष्णता कडेला नेतात आणि एक-दोन पातळ पंखे ती फटीतून बाहेर फेकतात. तांबे तेच, हवा तीच, पण पृष्ठफळ तुटपुंजे. मग इंजिनिअर कितीही हुशार असला तरी १३३५यूला त्याने १५-२० वॅटवर थांबवण्यावाचून गत्यंतर नसते.

माझ्या लॅपटॉपवर हे मी एका मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्यक्ष पाहिले आहे. सिम्युलेशन सुरू करताच पहिले साधारण अर्धे मिनिट प्रोसेसर ५० वॅटच्या आसपास ओढतो, तापमान ९० अंशांच्या वर जाते, पंखा शिट्टी घालू लागतो आणि कामाची पट्टी अशी भराभर सरकते की डेस्कटॉपची गरजच काय असे वाटावे. मग मर्यादा लागू होते. वॅट घसरून २०वर येतात, थोरल्या कोअरचा वेग २ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि पुढचा दीड-पावणेदोन तास तो तिथेच राहतो. कचेरीतला डेस्कटॉपही सुरुवातीला उडी मारतो आणि मग मूळ मर्यादेवर येतो, पण त्याची मूळ मर्यादाच ६५ वॅट असल्याने त्याची उतरण सौम्य आहे. यात्रेत धावणारा बैल आणि दिवसभर नांगर ओढणारा बैल यांत कोण बलवान, या वादाचे उत्तर रान किती आहे यावर असते. मिनिटभराच्या चाचणीत लॅपटॉपला मिळालेले गुण पाहून तासाभराच्या कामाचा अंदाज बांधू नये. सिनेबेंच या लोकप्रिय चाचणीच्या २०२० सालच्या आर२३ या आवृत्तीपासून ती मुळातच किमान १० मिनिटे चालेल अशी सोय केली गेली, ती याच कारणाने.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख डेस्कटॉपची भलामण ठरेल. माझ्या दिवसाचा बहुतेक वेळ सिम्युलेशनमध्ये जात नाही. तो पॅटर्नचे त्रिमिती मॉडेल बनवण्यात, मापे बदलण्यात, ड्रॉइंग काढण्यात, ई-मेल लिहिण्यात जातो. मॉडेलमधले एखादे माप बदलले की त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या पायऱ्या एकापाठोपाठ एक नव्याने मोजाव्या लागतात, आणि एकापाठोपाठच्या या कामात बहुतांश वेळा एकच कोअर राबतो. असे काम चार-सहा सेकंदांचे असते आणि लॅपटॉपची अर्ध्या मिनिटाची मुभा त्याला पुरून उरते. तिथे दोन्ही यंत्रांवर मला डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. मराठी-कानडी लग्नपत्रिकांचे डीटीपी करणारा माझा शेजारी वर्षानुवर्षे १५ वॅटच्या लॅपटॉपवर धंदा करतो आहे, आणि त्याला मोठा डेस्कटॉप घ्यायला सांगणारा मनुष्य त्याचा हितचिंतक नव्हे.

लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपच्या प्रोसेसरची खच्ची केलेली आवृत्ती, हा समजही इतिहासाला धरून नाही. पेंटियम ४च्या काळात इंटेलने सारा भर गिगाहर्ट्झवर दिला होता. २००४ साली तो प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि ११५ वॅटच्या उष्णतेपुढे तो रस्ताच संपला. त्याआधी २००३ साली कंपनीच्या इस्रायलमधल्या चमूने खास लॅपटॉपसाठी पेंटियम एम हा प्रोसेसर बनवला होता. त्याचा पाया पेंटियम ३च्या रचनेचा होता, वॅट पेंटियम ४च्या पाव हिश्श्याहून कमी होते, आणि प्रत्येक ठोक्याला होणारे काम मात्र पेंटियम ४पेक्षा जास्त होते. २००६ साली आलेला कोअर २ ड्युओ याच लॅपटॉपच्या घराण्यातला निघाला, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच्या ६५ वॅटच्या आवृत्तीने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ला डेस्कटॉपवरच हरवले. आज आपण ज्याला डेस्कटॉपचा प्रोसेसर म्हणतो, त्याचे आजोळ लॅपटॉपमध्ये आहे.

उष्णतेचा परिणाम रचनेपासून वेगळा काढून पाहायचा असेल, तर ॲपलच्या एम१चे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये हीच चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही आली आणि पंखा असलेल्या मॅक मिनीमध्येही. छोट्या कामात दोन्ही सारखेच चालतात, पण लांबच्या कामात एअरचा धातूचा सांगाडा तापला की ती वेग उतरवते आणि मिनी तसाच चालत राहतो. चिप एकच असल्यामुळे कोअर, कॅश, पिढी, नाव यांच्यावर दोष ढकलायला जागाच राहत नाही.

विंडोजच्या जगात हे इतके स्वच्छ नाही, कारण एकाच नावाचा प्रोसेसर वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळा वागतो. किती वॅट किती वेळ द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पंख्याच्या कुवतीनुसार ठरवते. त्यामुळे प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटचे अक्षर आधी वाचावे. इंटेलच्या या १३व्या पिढीत यू अक्षराला १५ वॅट, एच अक्षराला ४५ वॅट, आणि एचएक्स म्हणजे जवळजवळ डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली. कोअर आय९-१३९८०एचएक्समध्ये डेस्कटॉपच्या १३९००केइतकेच २४ कोअर आहेत, पण त्याची उडी १५७ वॅटवर थांबते आणि डेस्कटॉपची २५३वर. असा लॅपटॉप उचलून पाहिला तर वजनातच उत्तर सापडते. एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत क्रमांकाचा तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवे असले तरी त्यातला २ हा अंक झेन २ ही जुनी रचना दाखवतो, आणि ७५३०यूमधला ३ हा झेन ३. एका अंकाचा हा फरक दुकानातल्या पाटीवर कोणाच्याही नजरेतून निसटेल.

रॅमविषयी थोडेच लिहितो. माझा लॅपटॉप ८ गिगाबाइटच्या एकाच पट्टीसह आला होता. दुसरी तेवढीच पट्टी बसवल्यावर रॅमकडे जाणारे दोन्ही रस्ते खुले झाले आणि सिम्युलेशनला जाणवण्याइतका वेग आला. पण पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डाख देऊनच बसवलेली असते आणि मग हा उपाय कायमचा बंद होतो. लॅपटॉपचा प्रोसेसरही तसाच पक्का बसवलेला असतो, तर डेस्कटॉपचा सॉकेटमधून काढून त्याच जातीचा मोठा बसवता येतो. उद्यमबागेत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे धूळ. वाळू आणि लोखंडाची बारीक भुकटी हीटसिंकच्या पत्र्यांत बसते. डेस्कटॉपचे झाकण दर महिन्याला उघडून आम्ही ब्लोअर मारतो, पण लॅपटॉपचे मागचे स्क्रू काढण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही आणि तो वर्षभरात दुप्पट गरम चालू लागल्याचा भास होतो.

भाच्याचे गाव पावसाचे. आषाढ-श्रावणात खानापूरच्या पश्चिमेला झाडे तारांवर पडतात आणि वीज गेली की कधीकधी अर्धा दिवस येत नाही. तिथे डेस्कटॉपला यूपीएस जोडावा लागेल, आणि परवडणारा यूपीएस त्याला फाईल जतन करून बंद होण्यापुरती काही मिनिटे देईल, एवढेच. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, जरी पुष्कळ लॅपटॉप चार्जर काढताच आपले वॅट आणखी उतरवतात. विजेच्या हिशेबात तर मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. तेच सिम्युलेशन करताना डेस्कटॉपचा प्रोसेसर ६५ वॅटने पन्नास मिनिटे, म्हणजे सुमारे ५४ वॅट-तास खर्च करतो. लॅपटॉपचा २० वॅटने ११० मिनिटे चालून सुमारे ३७ वॅट-तासांतच ते काम पुरे करतो. जो हळू चालतो तो कामामागे कमी वीज खातो, आणि डेस्कटॉपचा मोठा मॉनिटर, बोर्ड, पॉवर सप्लाय हे सगळे यात धरले तर अंतर आणखी वाढते. माझा वेळ महाग की वीज महाग, याचे उत्तर कचेरीत एक आहे आणि रात्री झोपताना काम लावून ठेवणाऱ्यासाठी दुसरे.

भाच्यासाठी आम्ही शेवटी कोअर आय५-१३४२०एच असलेला, जरा जाड आणि दिसायला ओबडधोबड लॅपटॉप घेतला. त्यात ४ थोरले आणि ४ धाकटे असे ८ कोअर आहेत. दुकानदाराने दोनदा आठवण करून दिली की त्याच किमतीत १० कोअरचा, चांगला पातळ लॅपटॉप मिळतो आहे. तो दाखवत होता ते मॉडेल माझ्याच १३३५यूचे होते. आमच्या ८ कोअरांत थोरले दुपटीने आहेत आणि मूळ मर्यादा १५च्या जागी ४५ वॅटची आहे, हे मी त्याला सांगितले, रॅमच्या दोन जागा आहेत का ते पाहिले आणि पैसे दिले. बॅटरी कमी टिकेल आणि चार्जर विटेएवढा आहे, ही तक्रार भाच्याने आधीच मान्य केली होती.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला की पंखा सारखा घोंघावतो आणि तुम्ही सांगितलेला वेग काही दिसत नाही. लॅपटॉप कुठे ठेवला आहेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “कॉटवर, वाकळीवर.” हवा आत घेण्याच्या फटी लॅपटॉपच्या पोटाला असतात आणि त्या वाकळीने पुरत्या बुजल्या होत्या. आता तो जेवायच्या पाटावर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतो, आणि त्याची आई पाट परत मागते आहे.